गळ्यावर ठेवलेला हात

"म," सुगंधा म्हणाली.

"बरोबर. पुढचं?"

"न."

"शाब्बास! आता दोन्ही मिळून काय झालं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पिवळ्या फितीच्या दोन घट्ट वेण्या, नाकाच्या शेंड्यावर खडूची पूड. जरा वेळानं तिनं फळ्याकडे बोट केलं आणि भल्यामोठ्या आवाजात सांगितलं, "म. न."

"अगं, म न नव्हे. मन! आज शाळेत यायचं मन नाही, असं म्हणतो ना आपण?"

"म. न."

अख्खा वर्ग खो खो हसला. तीही हसली. सगळे हसतात म्हणजे काहीतरी छान झालं असणार, अशा खात्रीनं हसली. मी कपाळाला हात लावला.

इचलकरंजीतल्या आमच्या शाळेत मी तेव्हा दुसरीच्या वर्गावर होते. मूळची मी सावंतवाडीकडची. नवऱ्याची बदली झाली म्हणून ह्या मागांच्या गावात येऊन पडले होते. शाळेच्या चारी अंगांना शेडच शेड, आणि सकाळपासून साच्यांचा नुसता खडखडाट. मागाला तिकडे साचा म्हणतात. पहिला महिनाभर माझं डोकं उठायचं. मग मीही मुलांसारखी ओरडून बोलायला लागले आणि घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, "अगं, मी इथेच बसलोय."

अक्षरं जोडायला शिकवण्यात माझा हातखंडा होता, हे मी आपलं उगाच सांगत नाही. पोरांना अक्षरं सुटी सुटी येतात, पण घ आणि र मिळून घर होतं, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही. तिथंच निम्मी पोरं अडतात. माझी रीत साधी होती. दोन पाट्यांवर दोन अक्षरं लिहायची, पाट्या दोन हातांत लांब धरायच्या आणि पहिल्या अक्षराचा आवाज न तोडता ओढत ओढत पाट्या जवळ आणायच्या. पाट्या एकमेकींना टेकल्या की शब्द तयार! आवाज तोडायचा नाही, एवढंच सूत्र. भल्याभल्या मठ्ठ पोरांना मी असं वाचायला लावलं होतं. पण सुगंधा बुगडनं माझ्या नाकी नऊ आणले. अक्षर ओळखायला सगळ्यांच्या पुढे, वळण तर असं की बघत राहावं, आणि जोडायची वेळ आली की ठप्प.

त्याच आठवड्यात शाळा सुटताना तिची आई फाटकाशी उभी होती. अक्काताई. शेडमध्ये कांड्या भरायची. साच्यात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती मशीनवर भरून द्यायचं काम बहुतेक बायकाच करतात. तिच्या केसांत, भुवयांवर, पदरावर कापसाची बारीक लव चिकटलेली होती.

"बाई, जरा बोलायचं हुतं," ती म्हणाली. "पोरगी वाचंल न्हवं?"

"वाचेल की. जरा वेळ लागतोय."

"येळच न्हाई वो. हिचा बा म्हणालाय, दिवाळीपतूर वाचाय लागली तर शिकंल तितकं शिकू दे. न्हाईतर माझ्याशेजारी कांडीवर बसायची. त्येचं बी काय चुकीचं न्हाई. दोन वर्सं झाली, पोरगी नुसती क न् ख करालीया."

"कांडीवर? अहो, सात वर्षांची आहे ती!"

"मी सहा वर्साची बसलो," अक्काताई म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. आधी मला गंमत वाटायची, पण त्या दिवशी वाटली नाही. "मी सही करतो बाई, अंगठा न्हाई मारत. पर सहीच्या वर काय लिवलंय ते वाचाय येत न्हाई. हिचं तसं व्हायला नगं. तुमी मनावर घ्या."

मी मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्या शेडवर गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि काय सांगू, छातीत कुणीतरी हातोडे मारतंय असं झालं! धोटे इकडून तिकडे फटाफट आपटत होते. जमीन थरथरत होती. मी "अक्काताई!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडले, तर माझं मलाच ऐकू आलं नाही.

आणि त्या गदारोळात माणसं चक्क गप्पा मारत होती. सुगंधाचे वडील, आप्पासो, चार साचे सांभाळत होते. पलीकडच्या ओळीतल्या माणसाकडे बघून त्यांनी नुसते ओठ हलवले, एक बोट वर केलं, आणि तो माणूस पोट धरून हसला. बायका तशाच बोलत होत्या, तोंडानं आणि हातानं. आवाज कुणीच काढत नव्हतं. काढून उपयोग काय? अगदीच गरज पडली तर एकमेकांच्या कानाला तोंड लावून एखादा शब्द ओरडायचे.

"असंच बोलतो आमी," अक्काताई मला बाहेर आणून म्हणाली. "ह्यांच्या कानाचं तर काय उरलंच न्हाई. घरात बी मी म्होरं जाऊन त्वांड दाखवल्याबिगर कळत न्हाई त्यांस्नी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निदान मला तसं वाटलं. ह्या पोरीनं घरात सलग बोलणं ऐकलेलंच नाही! हिच्या कानावर पडतं ते सगळं तुटक, खटक्यांच्या मधून आलेलं. मग ही अक्षरं जोडणार कुठून? हिला शांतता पाहिजे. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

त्या दिवसांत दुपारची लाईट जायची. लाईट गेली की सगळे साचे एकदम बंद पडायचे आणि अख्खी गल्ली गपगार व्हायची. मी हेडसरांना सांगून ती वेळ मागून घेतली. माझा वर्ग त्या वेळी शेजारच्या वर्गाच्या बाई सांभाळायच्या, आणि मी सुगंधाला घेऊन शेडच्या दारातल्या पायरीवर बसायची. आत कामगार डबे उघडायचे, कुणी लवंडायचे. अक्काताई लांबूनच आमच्याकडे टक लावून बसायची.

मी पाट्या धरायची. न आणि ळ. "नsss" म्हणत म्हणत पाट्या माझ्या तोंडासमोर जवळ आणायची. "नळ! म्हण."

सुगंधा काय करायची, तर हात लांब करून पाट्या खाली ओढायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची.

"अगं, अक्षराकडे बघ. माझ्या तोंडावर लिहिलंय का?"

पाट्या पुन्हा वर. पुन्हा तिचा हात. मला वाटायचं, कार्टी चुकवतेय. एकदा तर मी तिच्या बोटांवर हलकीशी चापट दिली. तिनं बोटं मागे घेतली, फ्रॉकला पुसली आणि शहाण्यासारखी पाट्यांकडे बघत बसली. मी नळ म्हटलं, मळ म्हटलं, फळ म्हटलं. ती कुठल्याच शब्दाला काही म्हणाली नाही. दसरा गेला. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण आप्पासो येता-जाता बोटांवर मोजल्यासारखं करून मला हसत दाखवायचे. माणूस वाईट नव्हता. आपला शब्द मी पाळणार, तुम्ही तुमचा पाळा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग तो दिवस आला. मी नेहमीपेक्षा जरा लवकर पोचले होते. साचे चालू होते. कांडीच्या मशीनमागे खांबांना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या, आणि त्या खडखडाटात तीन तान्ही पोरं ढाराढूर झोपलेली. सुगंधा मधल्या सुट्टीतच आईकडे आलेली, माझ्याकडे पाठ करून जमिनीवर रिकाम्या कांड्या रचत होती. एवढ्यात लाईट गेली. साचे थांबले. आणि तिन्ही झोळ्यांतून एकदम रडारड सुरू झाली.

"अगंबाई!" मी म्हटलं. "आता कशी उठली ही?"

अक्काताई हसायला लागली. एक झोळी तिनं पायानं हलवली. "आमच्यात असंच असतंय बाई. पोरं आवाजानं झोपत्यात आन् आवाज गेला की उठत्यात. लाईट गेली की समद्या बायका आधी झोळीकडं पळत्यात. माझ्या सुगंधीनं तेवढा तरास दिला न्हाई हं. ही एवढीशी हुती तवाधरनं गुणाची. लाईट जाऊ दे, येऊ दे, हिची झोप मोडायची न्हाई. बायका म्हणायच्या, अक्काताई, नशीब काढलंस, असली पोर पायजे."

ती कौतुकानं सांगत होती. मी मात्र सुगंधाकडे बघत होते. तीन पोरं गळा काढून रडत होती. शेडमध्ये दुसरा कसलाही आवाज नव्हता. आणि सुगंधा आमच्याकडे पाठ करून कांडीवर कांडी रचत होती.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. हाक मारली. "सुगंधा." मग जोरात, "सुगंधा!" मग मी खाली वाकून तिच्या डोक्यामागे टाळी वाजवली. तिनं आणखी एक कांडी वर ठेवली. शेजारी लोखंडी वजन पडलं होतं, ते उचलून मी फरशीवर सोडलं. तेव्हा ती वळली, पण माझ्याकडे नाही. आधी तिनं फरशीला हात लावला, कुठून हादरलं ते बघायला.

डबा खाणारे कामगार घास हातात धरून बघत राहिले.

"काय करालाय बाई?" अक्काताईनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. ते कुठं ठेवावं, हे तिला कळत नव्हतं.

"अक्काताई, तिला ऐकू येत नाही."

"काय बी काय! बोलती की ती! आई म्हणती, भाकरी म्हणती, समदं म्हणती."

"तुमच्या तोंडाकडे बघून म्हणते."

"आमच्यात समदीच तोंडाकडं बघत्यात!" ती ओरडली. मग तिनं झोळी सोडली, पोरीच्या मागे जाऊन बसली आणि अगदी हळू, घरात कुणी आजारी असल्यावर बोलतो ना तसं, म्हणाली, "सुगंधे. ए सुगंधे. बाळा." पोरगी कांड्या रचत होती. अक्काताईनं पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी आप्पासोंनी येऊन तिला दंडाला धरून उठवलं. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण बायकोचा चेहरा वाचता येत होता.

मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं पोरीला घेऊन गेलो. ते म्हणाले, जन्मापासूनचं आहे. ढोलासारखा जाड आवाज, कानाशी तोंड लावून ओरडलेलं, एवढं काहीतरी पोचतं. साधं बोलणं पोचत नाही. मागाच्या गावातली म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, दुसरीकडे वर्षाच्या आत कळलं असतं. बोबडी आहे, ओरडून बोलते, आमच्या गल्लीत त्याचं कुणाला काय वाटणार? कानाला यंत्र लावून फायदा होईल, पण नुसतं यंत्र लावून भागणार नाही, तिला अशा मुलांच्या शाळेत घाला, म्हणाले. शाळा लांबच्या गावी होती. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, यंत्रही तिथंच मिळायचं. शाळेकडे विचारलं, तर दिवाळीनंतर घेतो म्हणाले.

हेडसरांचंही तेच म्हणणं पडलं. "बाई, तुमची तळमळ कळते मला. पण एवढ्या पोरांच्या वर्गात तुम्ही एकटीला तोंड किती दाखवणार?"

मिरजेहून परतताना एसटीतच आप्पासो माझ्याकडे वळून म्हणाले होते, "माझं ठरलेलं हाय तसंच हाय. वाचली, तर जाईल. बहिरी म्हणून न्हाई धाडणार. वाचती म्हणून धाडीन."

अक्काताई खिडकीतून बाहेर बघत होती.

डॉक्टरांनी निघताना मला एक गोष्ट सांगितली होती. कानाला नाही कळत तर हाताला कळू द्या. मी त्याच दिवसापासून पाट्या तोंडासमोर धरणं सोडलं आणि त्या बाजूला मांडल्या. सुगंधाला समोर बसवलं, तिचा एक हात माझ्या गळ्यावर ठेवला, दुसरा तिच्या स्वतःच्या गळ्यावर. "न," मी म्हटलं. तिच्या बोटांना माझा गळा घुमलेला लागला. तिचे डोळे मोठे झाले. तिनं न म्हटलं आणि स्वतःचा गळा चाचपला. "ळ." पुन्हा तेच. मग मी न पासून ळ पर्यंत आवाज तोडलाच नाही. घुमणं मध्ये कुठंच थांबलं नाही. नळ.

तिनं हात काढला नाही. पुन्हा, असं बोटानं खुणावलं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. किती वेळा म्हटलं देव जाणे, माझा घसा बसला. मग तिनं डोळे मिटले. दोन्ही हात स्वतःच्या गळ्याशी नेले, आणि जाडसर, वाकड्यातिकड्या आवाजात, पण सलग म्हणाली, "नळ."

डोळे उघडून ती माझ्याकडे बघत राहिली. आणि अचानक उठून धूम पळाली. मी मागे. शेडच्या कोपऱ्यात पाण्याचा नळ होता, त्याला तिनं दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि मला ओरडून सांगितलं, "नळ! नळ!" पाटीवरची ती दोन चित्रं आणि रोज ज्याच्याखाली ती पाय धुवायची ती वस्तू एकच आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि हसत सुटले. इतक्या पोरांना मी वाचायला शिकवलं, पण शब्द हातात धरून दाखवणारी ही एकच.

मग मात्र तिनं माझा पिच्छाच पुरवला. वही, भिंत, साबणाचा कागद, दिसेल ते अक्षर वाचायचं आणि माझा गळा धरायचा. दिवाळी तोंडावर आली तेव्हा आप्पासो म्हणाले, "दावा बघू."

लाईट गेलेली होती. सगळे कामगार गोळा झाले. आप्पासोंनी कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला आणि भिंतीवर एक शब्द लिहिला. माझ्याकडे पाठ करून लिहिला, मी आधी सांगू नये म्हणून. ते बाजूला झाले. भिंतीवर होतं, धागा.

सुगंधानं हात गळ्यावर ठेवला. "धा," ती म्हणाली. थांबली. माझ्याकडे वळली, पण मी मुद्दाम तोंड फिरवलं. तिनं परत पहिल्यापासून सुरू केलं. "धाsssगा." आणि एकदम, "धागा!" ती अक्काताईकडे धावली, आईच्या केसांत अडकलेला एक धागा तिनं ओढून काढला आणि बापापुढे धरला.

आप्पासोंनी तो धागा घेतला. बोटाला गुंडाळला. "शबूद म्हंजे शबूद," ते म्हणाले. "जाऊ दे तिला बाई. शिकू दे." कामगारांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी साखर आणायला पळालं. अक्काताईनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं आणि नुसती बघत होती.

भाऊबीज झाली आणि जायचा दिवस ठरला. सकाळची एसटी होती. मी त्यांच्या खोलीवर पोचले, तर पोरगी नव्या फ्रॉकमध्ये पत्र्याच्या पेटीवर बसलेली, पायांत नवे बूट. आप्पासो दाराबाहेर बिडी ओढत उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत अक्काताई चुलीपुढे बसली होती, कामाच्याच लुगड्यात.

"अहो, आवरा ना! गाडी चुकेल."

"मी न्हाई धाडत तिला," अक्काताई म्हणाली.

मला वाटलं, निघतानाचं रडं आहे. "होतं असं. पहिले दोन-चार दिवस जड जाईल. मग बघा—"

"बाई, मी न्हाई धाडत."

"अहो, म्हणजे काय? तुम्हीच आला होतात ना माझ्याकडे? तुम्हीच म्हणालात ना, हिचं माझ्यासारखं व्हायला नको? नवरा तयार आहे, शाळा तयार आहे, पोरीनं जीव तोडून करून दाखवलं!"

"तवा मला म्हाईत नव्हतं." ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "लाईट गेली की मी काय करतो, ठावं हाय? तिच्या मागं हुबा ऱ्हातो आन् हाक मारतो. रोज. तुमी सांगितल्याधरनं एक दिवस सोडला न्हाई. एकदा बी वळली न्हाई वो. सात वर्सं मी हिला अंगाई म्हटली. कुणाला म्हटली?"

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"दुसऱ्याच्या पोरी लांब जात्यात, त्या आईचा आवाज तरी संगं नेत्यात. हिच्यापाशी माझा आवाजच न्हाई. हिनं माझं नुसतं त्वांड बघितलंय. तिकडं ते दिसायचं बंद झालं, की हिला आईच न्हाई. फोन केला तरी काय करू? कुणाला बोलू?"

"सुट्टीला येईल की ती. आणि तुम्ही जाल भेटायला. अहो अक्काताई, तिथं तिला बोलायला शिकवतील, नीट लिहायला शिकवतील. इथं काय आहे तिला?"

"हितं ती बहिरी न्हाई," अक्काताई म्हणाली. "आमच्या शेडमधी समदीच बहिरी. हितं कोण हसतंय तिला? तिचं बोलणं समद्यास्नी कळतंय, समद्यांचं तिला कळतंय. तुमच्या शाळंत हसत्यात पोरं."

"आणि शेड बंद पडली तर? तुम्ही नसलात तर? बाहेरच्या जगात एक पाटी वाचता येणार नाही तिला!"

"मला तरी कुठं येती?"

माझा तोल गेला. मी भांडले. तुम्ही तुमच्यासाठी तिला ठेवून घेताय, म्हणाले. पोरीच्या पायात धोंडा बांधताय, म्हणाले. अजून बरंच काही म्हणाले, आणि आज विचाराल तर त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण त्या बाईलाही मी काही म्हणू शकत नाही. सुगंधा पेटीवर बसून एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा आईच्या तोंडाकडे बघत होती. मग ती उठली, माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या गळ्यावर हात ठेवला. मी रागानं बोलत होते, ते तिच्या बोटांना लागत होतं. मी गप्प झाले. तरी तिनं हात काढला नाही, कारण गळा अजून हलत होता. रडं आवरता आवरता गळा हलतोच.

आप्पासो आत आले. बायकोपुढे उभे राहून त्यांनी काहीतरी ओठांनीच विचारलं. तिनं मान हलवली. त्यांनी वाकून पोरीचे बूट काढले आणि पेटीत ठेवले.

मी तिला वर्गातच शिकवते, रोज शेडवर येते, असं मी सुचवून बघितलं. चार दिवस गेलेही. पण पोरगी शाळेत आलीच नाही, आणि अक्काताई लाईट गेली रे गेली की तिला घेऊन घरी निघून जायची. मी दिसले की तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की माझं पाऊल अडखळायचं. मीच ती बातमी आणली होती. उन्हाळ्यात नवऱ्याची पुन्हा बदली झाली आणि आम्ही गाव सोडलं.

पुढे कितीतरी वर्षांनी, तेव्हा माझा वर्ग सांभाळणाऱ्या त्याच बाईंच्या मुलीच्या लग्नाला मी इचलकरंजीत गेले. मनाला बजावलं होतं, तिकडे फिरकायचं नाही. पण दुपारी पाय तिकडेच वळले.

शेड तशीच होती. खडखडाट तसाच. कांडीच्या मशीनवर अक्काताई बसलेली, केस पांढरे. आता त्यात कापूस कुठला आणि केस कुठले, कळत नव्हतं. आणि तिच्या शेजारी एक उंच, देखणी मुलगी. एकाच वेळी दहा कांड्यांवर नजर ठेवत होती आणि पलीकडच्या बाईशी ओठांनी काहीतरी थट्टा करत होती. दोघी खिदळत होत्या. खरं सांगायचं, तर ती सुखात दिसत होती. मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

तिनं मान वर केली आणि मला बघितलं. ओळखलं! मशीन सोडून ती पळत आली, माझे दोन्ही हात धरले आणि माझ्याशी बोलायला लागली. ओठ भराभर हलत होते. मला प्रत्येक हालचाल दिसत होती, पण त्यातला एक शब्द मला लागेल तर शपथ. मी वेड्यासारखी मान डोलावत राहिले. अक्काताई उठून आली. तिनं पदरानं हात पुसले आणि माझ्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, "च्या घेणार का, इचारतीया!"

तिथं कट्ट्यावर निळा खडू पडला होता. मी तो उचलला. का उचलला, माहीत नाही. आशा वेडी असते. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, चहा, आणि सुगंधाला खुणावलं.

ती भिंतीजवळ गेली. लिहिलेल्यावर बोट ठेवलं. तिचे ओठ हलले. ते मात्र मला वाचता आले.

"च."

बोट पुढे सरकलं.

"हा."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी माझा हात गळ्याशी नेला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, आणि मला काही होतंय का, घसा दुखतोय का, असं काळजीनं खुणेनं विचारलं. मी मान हलवली. पुन्हा भिंतीकडे बोट केलं. तिनं माझ्यासाठी म्हणून पुन्हा एकदा, लहान पोराला सांगावं तसं सावकाश, दाखवलं. च. हा.

अक्काताई जमिनीकडे बघत होती.

मी पेला तोंडाला लावल्याची खूण केली. तेव्हा कुठं सुगंधा हसली, मान डोलावली, आणि किटली उचलून पळत बाहेर गेली.